प्रफुल्ल, कंपायलर मूर्ख नव्हता

प्रफुल्ल,

तुझी शोकसभा बघायला तू नव्हतास हे बरंच झालं. तुला हसू आवरलं नसतं आणि मला तुझ्याकडे डोळे वटारून बघत बसावं लागलं असतं. ज्या सभागृहात तुला कधी पुढच्या खुर्चीवर बसवलं नाही, तिथे तुझा फोटो थेट व्यासपीठावर, हार घालून. ओळखपत्रावरचाच फोटो वाढवलेला, त्यामुळे नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते तेही कळत नव्हतं. विभागप्रमुख सर बोलायला उठले. दर जूनमध्ये तुला तासांवर बोलावणारे आणि दर एप्रिलमध्ये तुला विसरणारे हेच ते सर. म्हणाले, "प्रफुल्ल सर आमच्या महाविद्यालयाचे आधारस्तंभ होते." आधारस्तंभाला कायम करायला यांना कधी जमलं नाही. मग म्हणाले, "संगणकाचे जादूगार होते." आणि शेवटी आवाज खाली आणून, मान तिरकी करून, "जिनिंगमधलं ते अपयश त्यांनी फार मनाला लावून घेतलं."

सगळ्या सभागृहाने हळहळ व्यक्त केली. मागच्या रांगेत कोणीतरी रुमाल काढला.

तू? तू मनाला लावून घेतलंस? ज्याने जन्मात स्वतःची चूक कानालाही लागू दिली नाही, त्याच्या मनाला कुठून लागणार? पण यांना तुझी कीव करायची होती. जिवंतपणी तुझ्याशी बोलायला यांची जीभ अडखळायची, कारण तू उलटा प्रश्न विचारायचास. आता तू गप्प, आता हे धीट. मला उठून जावंसं वाटलं. उठले नाही, कारण तुझी बायको, सुजाता, पहिल्या रांगेत बसली होती आणि ती कोणाकडेही न बघता समोर बघत होती.

तुझी कीव मला सहन होत नाही. तुझ्याशी एक भांडण अर्धं राहिलं आहे, ते पुरं करायला हे लिहिते आहे.

आपली ओळखही भांडणानेच झाली होती. यवतमाळला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, प्रयोगशाळेत. मी कळंबची, घरी शेती, पहिल्यांदाच घराबाहेर राहणारी आणि सरांनी सांगितलं तसंच लिहिणारी. तू घाटंजीहून एसटीने येणारा, उशिरा पोचणारा आणि आल्या आल्या दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावणारा. माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणालास, "एवढं मोठं कायले लिहून राह्यली वो? लायब्ररीत तयार आहे न."

"तुले कोनं इचारलं?"

"कोनंच नाई इचारलं. पन पाहवत नाई."

पाहवत नाही, हा तुझा कायमचा आजार. तुला कोणाचंच काही पाहवायचं नाही. सरांचं शिकवणं, मित्रांचे प्रोजेक्ट, पुण्याला नोकरीला गेलेल्यांचे फोटो, माझ्या कंसांची जागा. तुझ्या तुच्छतेला भेदभाव मात्र माहीत नव्हता. त्या बाबतीत तू पक्का समतावादी. शेठ असो की शिपाई, तू सगळ्यांकडे सारख्याच कंटाळलेल्या डोळ्यांनी बघायचास. त्यातून सूट होती फक्त तुझ्या आईला.

आई घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, कामाला जायची. कापूस यंत्रात जाताना त्यात एखादा खिळा किंवा खडा असला की लोखंडावर घासून ठिणगी उडते. ती ठिणगी कापसात दडून हवेच्या पाइपमधून पुढे जाते आणि रुईच्या ढिगात जाऊन पडते. ढिगाशी बायका बसलेल्या असतात. तू शाळेत असताना अशीच एक आग लागली आणि आईचा हात कोपरापर्यंत भाजला. तू हे मला एकदाच सांगितलंस, तेही आपण चहा पीत असताना, मध्येच. "ठिनगी पाइपातून जाते तवा कोनालेच दिसत नाई. दिसली असती तं आई उठली असती न तिथून." मग लगेच चहावाल्याला चहा पाणचट आहे म्हणून शिव्या दिल्यास. मी काही बोलले नाही. तुला ते आवडलं असावं, कारण त्यानंतर तू मला थोडं कमी हिणवायला लागलास.

पुढे मी घरून एका कंपनीचं काम करायला लागले, तू तासांवर शिकवायला लागलास, आणि आपण बसस्टँडमागे कामासाठी एक खोली घेतली. खाली टायरचं दुकान, वर आपण. तिथे आपलं यंत्र तयार झालं. पाइपमध्ये सेन्सर, म्हणजे उष्णता आणि उजेड टिपणारे डोळे. ते सेकंदाला हजारो वेळा आकडे पाठवणार. एक छोटा संगणक, हाताच्या तळव्याएवढा बोर्ड, ते आकडे चाळणार, खोटी चमक वेगळी काढणार, खरी ठिणगी दिसली की पाइपमधलं एक दार उघडणार आणि तेवढा कापूस बाहेर पाण्याच्या टाक्यात पडणार. सेन्सरपासून दारापर्यंत कापूस पोचायला पापणी लवण्याइतकाच वेळ लागतो. त्याच्या आत निर्णय व्हायला हवा. त्यात उशीर चालत नाही.

पहिला कोड मी लिहिला. लांबलचक आणि ओबडधोबड, सगळं हाताने लिहिलेलं. कुरूप होता, पण चालत होता. आणि तुला, अर्थातच, पाहवला नाही.

"हे कोड आहे का खिचडी? क्रम लावनं, मधला आकडा काढनं, सारं हातानं? सी प्लस प्लसची लायब्ररी कायले आहे मंग?"

तू तो सगळा नव्याने लिहिलास. मान्य करते, आणि हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही: तो सुंदर होता. माझं पानभर असलेलं काम तुझ्या चार ओळींत, आणि त्या ओळी वाचताना काय चाललं आहे ते कळत होतं. तू स्टँडर्ड लायब्ररीतली टेम्प्लेट फंक्शन्स वापरली होतीस. टेम्प्लेट म्हणजे फंक्शनचा साचा. एकदा लिहिलेला, पूर्णांक द्या की दशांश द्या, त्यातून हवं ते फंक्शन कंपायलर स्वतः घडवतो. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम. एवढं मी इथे लिहून ठेवते, कारण हे सुजाताही वाचणार आहे, आणि तू तिला कधी काही नीट समजावून सांगितलं नसशील याची मला खात्री आहे.

मी तेव्हा तुला एकच विचारलं होतं. "एवढी लहान लहान फंक्शनं. प्रत्येकाले बोलावत बसला प्रोग्राम, तं वेळ जाईन न?"

तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी बोर्डावर चहा सांडला. "इनलाइन होते सारं. टेम्प्लेटचा अख्खा मजकूर कंपायलरच्या डोळ्यापुढं असते. थो फंक्शनले बोलावतच नाई, त्याचा मजकूर जागेवरच उतरवून टाकते. जानं नाई, येनं नाई."

"उतरवतेच असं नाई."

"काहून?"

"त्याले योग्य वाटलं तं उतरवते."

"कंपायलरले कायचं योग्य-अयोग्य बे? आपून सांगतलं थे करावं त्यानं."

यावर आपलं भांडण थांबलं, म्हणजे पुढच्या भांडणासाठी बाजूला ठेवलं गेलं. तुझ्या लॅपटॉपवर नवा कोड झकास धावला. लॅपटॉप दणकट, तो सगळंच झाकून घेतो. तू म्हणालास, "पाह्य," आणि मी पाहिलं.

मग केळापूरजवळच्या त्या जिनिंगमधली चाचणी. हंगाम सुरू व्हायचा होता. शेठ खुर्ची टाकून बसले होते, शेजारी त्यांनी पुण्याहून आणलेला सल्लागार, शर्टाच्या बाह्या इस्त्रीच्या. पाइपच्या शेवटी मुद्दाम थोडीशी रुई ठेवली होती आणि पाण्याच्या बादल्या भरून तयार. फोरमनने कापसाच्या मुठीत निखारा घालून ती पाइपमध्ये सोडली.

दार उघडलं. मूठ पुढे निघून गेल्यावर उघडलं. रुईने पेट घेतला, फोरमनने बादल्या ओतल्या, आणि बाजूला उभ्या असलेल्या बायका दोन पावलं मागे सरल्या. कोणालाही काही झालं नाही. एवढीशी रुई काळी झाली, बस.

शेठ हसले. "वा सर. पाव्हना गेला अन् तुमी दार उघडलं."

पुण्याचा सल्लागार उठला. त्याने बोर्डाकडे बघितलं नाही, कोडकडेही नाही. म्हणाला, "टेम्प्लेट्स म्हणजे नुसता बोजा असतो. मी अशी पाच-पन्नास प्रोजेक्ट्स बघितली आहेत. सगळं काढा आणि दुसऱ्या भाषेत नव्याने लिहा."

तू विचारलंस, "तुमी कोड वाचला का साहेब?"

"वाचायची गरज नसते. अनुभव असतो."

"मंग अनुभव घरी ठेवा अन् कोड वाचा."

त्या एका वाक्यासाठी मी तुला तुझे सगळे अपमान माफ केले. परतताना तू नुसती गाडी हाणत होतास. मी मागे बसून विचार करत होते की हा रागावला आहे की लाजला आहे. पांढरकवड्याचा बायपास गेल्यावर तू मान मागे न वळवता म्हणालास, "त्याचा शर्ट पाह्यला? आगीच्या चाचनीले पॉलिस्टर घालून आला." म्हणजे रागावलाच होतास.

मग आपण वेळ मोजला. बोर्डावर एकेक आकडा तपासायला एवढा वेळ जात होता की तो तपासून होईपर्यंत पुढचे आकडे रांग लावून उभे राहत. ठिणगीचा आकडा येई, पण रांगेत मागे. त्याची पाळी येईपर्यंत कापूस दाराच्या पलीकडे. कंपायलरने तयार केलेल्या आज्ञा उघडून बघितल्या तर जिथे मजकूर जागेवर उतरलेला असायला हवा, तिथे फंक्शनला बोलावणं, पुन्हा बोलावणं, पुन्हा बोलावणं. रांगेतला एक साधा आकडा उचलायचा, तरी प्रोग्राम एका फंक्शनकडे जाऊन परत येत होता. दोन आकड्यांतला लहान कोणता, हे विचारायलाही एक फेरी.

"इनलाइनच नाई केलं हरामखोरानं," तू म्हणालास.

असं का होतं याची नेहमीची कारणं आपल्याला ठाऊक होती आणि ती आपण एकेक करून खोडली. बोर्डाची जागा कमी म्हणून कंपायलरला कोड आकाराने लहान ठेवायला सांगितलं होतं का? तसं असेल तर तो मजकूर जागोजागी उतरवायला कचरतो, कारण त्याने कोड फुगतो. तो हुकूम बदलला; फरक नाही. आकड्यांची तुलना करणारं फंक्शन आपण नुसत्या पत्त्याने दिलं होतं का? पत्त्यावर कोण राहतं हे कंपायलरला आधी कळत नाही, मग तो उतरवणार काय? तेही बदललं, थोडा फरक, पुरेसा नाही. फंक्शन फार मोठं आहे का, स्वतःलाच बोलावतं का? नाही. कारणं संपली आणि तुझा संयमही, जो मुळात नव्हताच.

"हा कंपायलर मूर्ख आहे," तू म्हणालास. "डोळ्यापुढं मजकूर आहे, हुकूम आहे, तरी करत नाई. लायब्ररीच्या फाइलीतच हात घालतो मी. जबरदस्तीनं उतरव म्हनून लिहून टाकतो साऱ्या फंक्शनांवर."

"लायब्ररीले हात नाई लावायचा. उद्या नवी आवृत्ती आली की सारं मोडते. अन् कारन समजल्याबिगर जबरदस्ती कायची? आगीचं काम आहे हे."

"तू त्याची वकील आहे का?"

"त्याले इचार तं. काहून नाई केलं थे सांगते तो. तूच त्याची तोंडं बंद करून ठेवली."

खरंच ठेवली होतीस. कंपायलरला विचारलं तर तो सांगतो की हे फंक्शन मी उतरवलं नाही, अमुक कारणासाठी. पण त्याच्या सगळ्या सूचना तू पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्यास, कटकट म्हणून. तुझ्या मते सूचना नवशिक्यांसाठी असतात.

"त्या मूर्खाची बडबड ऐकत बसू का मी?" तू म्हणालास आणि जिना उतरून गेलास.

हे आपलं शेवटचं बोलणं. लोक मला विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं हो? त्यांना वाटतं मी काहीतरी हळवं सांगेन. मी सांगते, त्याने कंपायलरला शिव्या दिल्या आणि मी कंपायलरची बाजू घेतली. ते गोंधळून निघून जातात. मला या भांडणाचा पश्चात्ताप नाही. तू आज जिना चढून वर आलास तर मी हेच म्हणेन, याहून मोठ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासाला निघताना तू बूट घालायला खाली बसलास आणि उठला नाहीस. सुजाता नर्स आहे. गाडी येईपर्यंत ती तुझी छाती दाबत राहिली. तिने मला ते सांगितलं तेव्हा तिचे दोन्ही हात तिच्याही नकळत तसेच एकावर एक ठेवलेले होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली, माणसं पांगली. आई आत झोपली होती. सुजाता माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, एक इचारू? लोक म्हनून राह्यले का यायची चूक झाली म्हनून जीव गेला. चूक होती का?"

"माहीत नाही अजून."

"मंग पाहा न. अन् मले खरं सांगजा. गोड नोका सांगू. सारेच गोड सांगून राह्यले."

त्या घरात तुला शोभेलसं एकच माणूस तू आणलंस, हे तुला कळलं होतं का?

मी खोलीवर गेले. तुझ्या खुर्चीवर बसले नाही. ती अशीही एका बाजूला कलते. कंपायलरची बंद केलेली तोंडं उघडली आणि त्याला विचारलं, का नाही केलंस? त्याने लगेच सांगितलं. इतक्या लगेच की मला तुझी लाज वाटली.

दोन्ही फंक्शनांचे नियम जुळत नाहीत, म्हणून उतरवलं नाही. एवढंच त्याचं म्हणणं.

कोणते नियम? मी तुझ्या मुख्य फंक्शनच्या डोक्यावर बघितलं. तिथे कंपायलरसाठी एक चिठ्ठी होती, तुझीच. फक्त या फंक्शनपुरता वेग वाढव, आणि दशांशाच्या गणिताचे कडक नियम इथे सैल कर. सैल नियमांनी गणित जलद होतं, कुठेतरी शेवटच्या अंकात फरक पडला तर पडला. ती चिठ्ठी त्या एका फंक्शनला होती. लायब्ररीतून येणाऱ्या टेम्प्लेट फंक्शनांना नव्हती. ती बाकी सगळ्या फाइलीसारखी कडक नियमांत घडत होती. कंपायलरने बघितलं, एक फंक्शन कडक नियमांचं, दुसरं सैल. याचा मजकूर त्यात उतरवला तर याच्या गणिताचा अर्थ बदलेल. म्हणून त्याने उतरवलं नाही. प्रत्येक लहानसहान फंक्शन बाहेरच ठेवलं आणि गरज पडेल तेव्हा बोलावत बसला.

वेगासाठी लावलेल्या तुझ्या चिठ्ठीनेच वेग मारला, प्रफुल्ल. तू स्वतःच्या हाताने मुख्य फंक्शनभोवती कुंपण घातलंस आणि मग कंपायलरला शिव्या देत बसलास की बाहेरचे आत का येत नाहीत. लायब्ररीत काही वाईट नव्हतं. टेम्प्लेट्स बोजा नव्हत्या. कंपायलर तर तुझ्यापेक्षा सावध निघाला. माहीत नसताना अर्थ बदलायचा नाही, एवढी त्याला समज होती. मूर्ख कोण होता हे मी लिहीत नाही, कारण आई वाचायला लावेल कोणाला तरी.

मी चिठ्ठी काढली आणि कडक नियम सगळीकडे सारखे ठेवले. नियम सैल करायची गरजच नव्हती. बोर्डावर चढवलं. बोलावणी नाहीशी झाली, रांग नाहीशी झाली. माझ्या त्या ओबडधोबड कोडपेक्षा तुझा कोड जलद निघाला. हे मला अजिबात आवडलं नाही, पण खरं आहे म्हणून लिहिते.

मग मी तिथेच, खाली टायरवाल्याची हातोडी चालू असताना, मोठ्याने तुला शिव्या दिल्या. तुझ्याच शिव्या, त्याच क्रमाने. आणि त्या संपल्यावर रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. याआधी रडायला काही कारण सापडत नव्हतं. लोक ज्याच्यासाठी रडत होते तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. हा होता.

सुजाताला सांगायला गेले तेव्हा ती ड्यूटीवरून आली होती, गणवेश वाळत घालत होती. तिला मी सगळं सांगितलं, साचा, उतरवणं, चिठ्ठी, सगळं. ती मध्ये मध्ये थांबवून विचारत होती आणि समजल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हती.

"म्हंजे लवकर व्हावं म्हनून यायनं जे केलं, त्यानंच उशीर झाला?"

"हो."

"चूक यायचीच होती?"

"त्याचीच."

तिने ओला कपडा झटकून दोरीवर टाकला. मग हसली, म्हणजे आधी नाकातून आणि मग खरोखर. "पोळ्या करायले घेतल्या का गॅस मोठा करत. मी म्हनो, राहू द्या लहान. म्हने, तुले काय समजते. साऱ्या पोळ्या जाळून ठेवत अन् मंग म्हनत, तवा खराब आहे."

"तवा मूर्ख आहे."

"हो! असंच." आणि मग तिचा आवाज बदलला. "ताई, त्यायले मालूम पडलं होतं का? चूक आपली आहे म्हनून?"

"नाही. जाईपर्यंत त्याची खात्री होती की कंपायलरच मूर्ख आहे."

"कोनतंच दुःख नोतं मंग?"

"दुःख? रागावला होता. मस्त रागावला होता."

"मंग मजेतच गेले," सुजाता म्हणाली आणि तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ खाली बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही ते मला ठरवता येईना, शेवटी ठेवला.

काल पुन्हा चाचणी झाली. तेच जिनिंग, तीच खुर्ची, तेच शेठ, तोच सल्लागार. शर्ट मात्र या वेळी सुती होता. फोरमनने निखाऱ्याची मूठ सोडली. दार उघडलं, मूठ बाहेर टाक्यात पडली, चर्र झालं. पुन्हा सोडली, पुन्हा पडली. दोन मुठी लागोपाठ सोडल्या, दोन्ही पडल्या. पाइपच्या शेवटी ठेवलेली रुई पांढरीच्या पांढरी. बाजूच्या बायकांपैकी एकीने मला विचारलं, "हे रोज चालू राहीन न मॅडम? का दाखवायपुरतं आहे?" मी म्हटलं, "रोज." तिने शेठकडे बघितलं. शेठनी मान हलवली. तिला ते पुरेसं वाटलं नसावं. ती पुन्हा माझ्याकडे बघून मग गेली.

सल्लागार जवळ आला. "मी म्हटलं होतं ना? टेम्प्लेट्स काढल्यात, लगेच फरक पडला."

"एकही काढली नाही, साहेब. सगळ्या तिथेच आहेत. तुमचा अनुभव सोडून काहीच काढावं लागलं नाही."

हे तुझं वाक्य झालं असतं. तू नव्हतास, म्हणून मला बोलावं लागलं. तुझ्याइतकं चांगलं नाही जमलं.

शेठनी विषय सावरला. म्हणाले, "मग तेव्हा चुकलं कुठं होतं? सामान खराब होतं का? की लाइटीचा काही..." त्यांना तुला वाचवायचं होतं. सगळ्यांना तुला वाचवायचं असतं हल्ली. सामानावर ढकला, विजेवर ढकला, नशिबावर ढकला, म्हणजे माणूस स्वच्छ राहतो आणि कोणालाही काही समजून घ्यावं लागत नाही.

"चूक प्रफुल्लची होती," मी म्हटलं.

फोरमनने मान खाली घातली. शेठ म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. गेलेल्या मानसाबद्दल असं..."

"कोड त्याचा होता, चूकही त्याची होती, आणि आत्ता हे दार उघडलं तेही त्याच्याच कोडने उघडलं. तिन्ही त्याचंच. एक काढून घेऊन बाकीचं ठेवता येत नाही."

मी बोर्ड बंद करून पेटीत ठेवला आणि गाडीकडे निघाले. मागे शेठ सल्लागाराला विचारत होते, टेम्प्लेट म्हणजे काय हो नेमकं? तो समजावून सांगायला लागला. तो काय सांगतो ते ऐकायला मी थांबले नाही. तू थांबला असतास, आणि मग आपल्याला परतायला उशीर झाला असता.

तर हे असं आहे, प्रफुल्ल. कंपायलरने कारण नसताना काही केलं नव्हतं. तू चुकलास, मी बरोबर होते, पुरावा बोर्डावर चालू आहे आणि पांढरकवड्याच्या रस्त्यावरचं ते जिनिंग उद्यापासून त्याच्यावर चालणार आहे. माझं सगळं म्हणणं मांडून झालं. आता तुझी पाळी आहे.

बोल न बे.